झिजण्यासाठीच लावलेला रंग

बोटीवर होणाऱ्या खर्चांत बुडाचा रंग हा सर्वांत निमूट खर्च. नवं शीड घेतलं की धक्क्यावरचा माणूस थांबून बघतो. इंजिनाचं काम केलं की पहिल्याच फेरीत आवाजावरून कळतं. बुडाला दिलेला रंग मात्र बोट पाण्यात उतरली की नजरेआड होतो आणि पुन्हा दिसतो तेव्हा त्याचं आयुष्य सरत आलेलं असतं. तरी बुडाला शेवाळ आणि समुद्रातले जीव चिकटू नयेत म्हणून तो द्यावाच लागतो, कुठे दर मोसमाला, कुठे दोन मोसमांनी. बोट घेताना किमतीची घासाघीस करणारे पुष्कळ भेटतात. तिचं बूड राखायला काय लागेल, हे विचारणारे क्वचित.

मला हे काम आवडतं. त्यात कष्ट आहेत, घाण आहे, आणि पैसाही बराच जातो. पण बोटीशी इतकी जवळीक दुसऱ्या कुठल्या कामात होत नाही. एरवी आपण तिच्यावर बसतो, तिच्या आत झोपतो. फक्त या दिवसांत तिच्याखाली उभं राहून, मान वर करून, तिचा जो भाग खरोखर समुद्रात राहतो तो बघायला मिळतो.

पट्ट्यांत उचललेली बोट टेकूंवर ठेवली की आधी बुडावरून हात फिरवावा. पाणरेषेशी गवतासारखं हिरवं शेवाळ लोंबत असतं, कारण तिथे ऊन पोचतं. त्याच्या खाली तपकिरी बुळबुळीत थर. आणखी खाली, पठाणाच्या (बुडाच्या मधोमध खाली उतरणाऱ्या कण्याच्या, म्हणजे कीलच्या) बुंध्याशी आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याभोवती, बार्नेकल नावाच्या कवचधारी जीवांची दाटी. मागच्या खेपेला टेकूच्या गाद्या जिथे टेकल्या होत्या तिथे रंग घाईघाईत, एकच हात मिळालेला असतो, त्यामुळे तिथे चौकोनी ठिगळासारखी वस्ती उठून दिसते. कुठे रंग पुरला आणि कुठे नाही याचा नकाशाच समोर असतो. बोट धुण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवावेत, कारण पुढच्या वेळी रंग कुठे जाड द्यायचा ते त्यावरूनच ठरतं.

धुणं मात्र लगेच. बुळबुळीत थर ओला असतो तोवर पाण्याच्या झोताने सहज निघतो. एक रात्र वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि मग खरवडण्याला पर्याय उरत नाही. जे काम तासाभरात झालं असतं त्याला अख्खा दिवस लागतो, आणि यार्डातली, म्हणजे बोटी दुरुस्तीला ठेवतात त्या आवारातली, जागा दिवसाच्या भाड्याने असते.

बार्नेकल हा प्राणी शिंपल्यांच्या जातीतला वाटतो, पण आहे तो खेकडा-कोळंबीच्या कुळातला. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. बार्नेकलाची अळी पाण्यात तरंगते, वाढते, आणि शेवटच्या अवस्थेत तिचं एकच काम उरतं: जागा शोधणं. या अवस्थेत ती काही खात नाही. पुढच्या दोन शृंगिकांनी चाचपत ती पृष्ठभागावर चालते, पटलं नाही तर उठून दुसरीकडे जाते. जागा पसंत पडली की डोकं खाली टेकवून चिकट द्रव सोडते आणि जन्मभरासाठी तिथेच बसते. मग भोवती चुन्याचं कवच, आणि पाय वर करून पाण्यातून अन्न ओढणं. प्राणी मेला तरी तळाची पांढरी चकती चिकटलेलीच राहते. खरवडणीने कवच उडतं, चकती उडत नाही. तिच्यावरून रंग दिला तर काही दिवसांत रंग आणि चकती दोन्ही निघतात आणि खाली उघडं बूड राहतं. म्हणून एकेक चकती घासून काढायची. पाठ दुखते, पण हे काम दुसऱ्यावर सोपवायला माझं मन होत नाही.

यार्डाच्या बिलात रंगाच्या डब्यांची ओळ मोठी असते हा समज पहिल्याच मोसमात जातो. बोट उचलणं, ठेवणं, पुन्हा उतरवणं, दिवसाचं भाडं, धुलाई, घासकाम, लांबी (पुट्टी) भरणं, प्रायमर, टेप, रोलर, हातमोजे, मुखवट्याच्या गाळण्या, कचऱ्याची विल्हेवाट आणि मजुरी. या सगळ्यानंतर रंग. त्यामुळे डबा स्वस्तातला घेऊन जे वाचतं ते एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतं. उलट तो रंग मोसमाच्या मध्येच दमला, तर बोट उचलण्यापासून सगळं पुन्हा आलं. स्वतः काम केलं तर मजुरी वाचते हे खरं, पण हात सावकाश चालतात, पाऊस मध्येच येतो, आणि जागेचं भाडं चढत जातं. मी स्वतः करते ते पैसे वाचवण्यापेक्षा खाली काय आहे ते माझ्या डोळ्यांनी दिसावं म्हणून.

किती रंग लागेल याचा एक ठोकताळा आहे. पाणरेषेवरची लांबी घ्यायची, तिला रुंदी आणि पाण्याखालची खोली यांच्या बेरजेने गुणायचं. पूर्ण लांबीचं पठाण असलेल्या जड बोटीला हा आकडा तसाच धरायचा. मधल्या वजनाच्या, आखूड पठाणाच्या शिडाच्या बोटीला त्याचा पाऊण भाग. पाणरेषा ८ मीटर, रुंदी ३ आणि खोली दीड मीटर असेल, तर ३६ चौरस मीटरचे पाऊण म्हणजे २७. दोन हातांसाठी ५४. डब्यावर लिटरमागे ९ चौरस मीटर लिहिलं असेल तर ६ लिटर लागतात. आता या हिशेबाचा खरा उपयोग सांगते. दोन हात देऊन झाल्यावर डब्यात रंग उरला, तर आनंद मानू नये. रोलर फार ताणला गेला आणि थर पातळ बसला, असा त्याचा अर्थ होतो. उरलेला रंग पठाणाच्या पुढच्या कडेला, सुकाणूच्या कडांना आणि पाणरेषेच्या पट्ट्यावर चढवून डबा रिकामा करायचा. पाण्याचा मारा तिथेच जास्त असतो आणि रंग आधी तिथूनच जातो.

डबा उचलताना त्याचं वजन मनगटाला जाणवतं. आत क्युप्रस ऑक्साइड असतं, तांब्याचं विटकरी रंगाचं संयुग. ते इतकं जड की तळाशी गाळ होऊन बसतं. झाकण उघडून पळीने वरवर ढवळलं तर रोलरला नुसतं रोगण येतं आणि विकत घेतलेलं तांबं डब्याच्या बुडाशी राहतं. यार्डात वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या एका काकांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, “ताई, हात दुखेपर्यंत ढवळायचं, आणि मग थोडं आणखी.” पळी तळाला खरवडून वर काढली आणि तिला गुठळी लागली नाही, की डबा तयार.

हे तांबं बुडावर टिकून राहण्यासाठी नसतंच. ते थोडं थोडं पाण्यात विरघळतं, बुडालगतच्या अगदी पातळ थरात त्याचं प्रमाण वाढतं, आणि जागा शोधत आलेली अळी तिथून परतते. कडक प्रकारच्या रंगात तांबं झिरपून जातं आणि कोरडा सांगाडा मागे राहतो. झिजणाऱ्या प्रकारात रंगच साबणाच्या वडीसारखा वरून विरत जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. कडक रंग घासून गुळगुळीत करता येतो, शर्यतीच्या बोटींना तो लागतो. पण त्याचे थर वर्षानुवर्षं साठत जातात, आणि बोट बराच काळ कोरडी राहिली तर पुष्कळ प्रकारांचा प्रभाव ओसरतो. झिजणारा रंग साठत नाही. मी त्याच बाजूची आहे. त्यातही एक युक्ती मला फार आवडते: पहिला हात एका रंगाचा द्यायचा, वरचा दुसऱ्या. काळ्याखालून लाल डोकावू लागला की त्या जागी किती शिल्लक आहे ते कळतं. कुठलंही उपकरण लागत नाही.

रंगाने झिजायचं, म्हणजेच काम करायचं, ही गोष्ट माणसाला सहज पटलेली नाही. लाकडी जहाजांच्या काळात बूड राखायचं म्हणजे भरती-ओहोटीचा फायदा घेऊन जहाज एका कुशीवर कलवायचं, शेवाळ जाळायचं, खरवडायचं, आणि वर चरबी, गंधक, डांबर असलं काहीतरी फासायचं. लाकूड पोखरणाऱ्या जीवांचं भय शेवाळाहून मोठं होतं. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत जहाजांची बुडं अशी पोखरली गेली की १५०३ मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली, आणि तो जवळजवळ वर्षभर तिथे अडकून पडला.

१७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. ती उष्ण समुद्रातून परत आली तेव्हा बूड स्वच्छ होतं, पण पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो तिथे चुकून तसाच राहिला होता, आणि त्याने दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवलं होतं. खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की एक दुसऱ्याला खातो, हा धडा आजही तसाच लागू आहे. अॅल्युमिनियमच्या बुडाला क्युप्रस ऑक्साइडचा रंग देत नाहीत तो याच कारणाने. आणि बुडाला मुद्दाम जोडलेल्या जस्ताच्या तुकड्यावर, म्हणजे अॅनोडवर, रंगाचा शिंतोडाही पडू देत नाहीत, कारण त्याने स्वतः झिजून पंखा आणि दांडा वाचवायचा असतो.

मला सर्वांत जवळची वाटते ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची गोष्ट. तांब्याचे पत्रे समुद्रात झिजतात, आरमाराला ते वारंवार बदलावे लागतात, यावर उपाय त्याने १८२४ मध्ये सुचवला. पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडायचे, म्हणजे झीज त्या तुकड्यांची होईल. रसायनशास्त्र अचूक होतं. पत्रे खरोखर झिजेनासे झाले. आणि त्या चकचकीत, सुरक्षित पत्र्यांवर शेवाळ आणि बार्नेकलं अशी माजली की जहाजांचा वेग गेला आणि आरमाराला तो उपाय सोडून द्यावा लागला. तांबं विरघळत होतं म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं. पुढे तेच शास्त्र पोलादी जहाजांच्या आणि पाइपलाइनींच्या रक्षणाला आलं आणि आजही कामाला येतं. फक्त तांब्याच्या बुडाला ते नको होतं. खर्च वाचवायला निघालेल्या दर माणसाने ही गोष्ट एकदा ऐकावी असं मला वाटतं.

मग प्रश्न असा, की झिजून गेलेलं जातं कुठे? अर्थात पाण्यात. बोटमालकांच्या गप्पांत ही बाजू फारशी निघत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९७० च्या दशकात ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी हे कथिलाचं विषारी संयुग असलेले रंग सर्रास झाले तेव्हा सगळे हरखून गेले होते. वर्षानुवर्षं बूड कोरं राहायचं. जहाज कंपन्यांचं इंधन वाचलं, गोदीत जाण्याच्या खेपा वाचल्या. त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पिलं जगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचं विचित्र जाड, वेडीवाकडी होऊ लागली. कालवांवर पोट असणारी कुटुंबं अडचणीत आली. कारण निघालं जवळच उभ्या असलेल्या बोटींच्या बुडाचा रंग. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर टीबीटीला बंदी घातली. इतरत्र खडकांवरच्या शंखधारी गोगलगायींच्या माद्यांत नराचे अवयव वाढताना आढळले, तेही लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणाने. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि तो अमलात यायला १७ सप्टेंबर २००८ उजाडला. सायब्युट्रीन या दुसऱ्या विषावर तशीच बंदी १ जानेवारी २०२३ पासून आली. टीबीटी अजूनही जुन्या बंदरांच्या गाळात आहे. गाळ उपसायचा झाला तर त्याचा खर्च आता दुसरेच लोक भरतात.

म्हणजे हा खर्च टळत नाही, सरकतो. बुडाकडे दुर्लक्ष केलं तर तो इंधनावर सरकतो: अर्ध्या मिलिमीटरचा बुळबुळीत थर जहाजाच्या निम्म्या बुडावर असला, तरी उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या प्रकल्पातल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. शिवाय न धुतलेल्या बुडाला चिकटून एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात जातात आणि तिथल्या जीवांची जागा घेतात. दुसऱ्या टोकाला, गरजेपेक्षा जहाल रंग फासला तर तो बंदरातल्या पाण्यावर सरकतो. तांबंही निरुपद्रवी नाही. धक्क्यांनी वेढलेल्या, पाणी फारसं न खेळणाऱ्या जागी ते साठतं. म्हणून डबा निवडताना मी एवढंच बघते की माझी बोट किती चालते, पाणी किती ऊबदार आहे, आणि एवढ्यासाठी कमीत कमी किती ताकदीचा रंग पुरेल. दुकानातला सर्वांत जहाल डबा घेणाऱ्याला ‘बोटीची काळजी करणारा’ म्हणायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. झिजणारा रंग असताना पाणबुड्याला बोलावून खसाखसा ब्रश मारून घेणं तर दोन्हीकडून नुकसान. पाण्यात लाल ढग उठतो, आणि विकत घेतलेला रंग त्या ढगातून निघून जातो. मऊ फडक्याने, हलक्या हाताने, शेवाळ कोवळं असतानाच पुसलं तर पुरतं.

घासतानाची धूळ ही त्याच हिशेबातली. कोरडं घासायचं नाही. पाणी मारत घासायचं, किंवा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राने. गाळणीचा मुखवटा, चष्मा, अंगभर कपडे. खाली ताडपत्री, आणि तिच्यावर पडलेले पोपडे गोळा करून विषारी कचऱ्यात. हे सगळं करायला वेळ जातो आणि त्याचे पैसेही पडतात. पाऊस येऊन तेच पोपडे उतारावरून पाण्यात वाहून जाताना मी पाहिले आहेत. उघड्यावर, नुसता रुमाल बांधून, उन्हात घासत बसलेली पोरंही पाहिली आहेत. कमी दराचं काम घेणारा ठेकेदार नेमकी हीच काटकसर करतो. दर मागताना ताडपत्री, मुखवटे आणि कचरा या तीन गोष्टींचे वेगळे आकडे मागावेत. आकडा शून्य असेल तर तिथे काम देऊ नये.

प्रत्यक्ष रंग देणं त्या मानाने थोडक्यात आटोपतं. टेप लावायची. बुडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतलं दव धरू लागतं त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंश सेल्सिअसने वर आहे ना ते बघायचं, नाहीतर न दिसणाऱ्या ओलाव्यावर रंग बसतो आणि पुढे सोलून निघतो. दोन हातांमधलं अंतर आणि शेवटच्या हातानंतर बोट पाण्यात उतरवायची मुदत डब्यावर लिहिलेली असते, ती पाळायची. टेप रंग पुरता कडक होण्याआधी ओढायची, म्हणजे कड स्वच्छ येते. टेकू हलवायचे ते यार्डाच्या माणसांनीच. टेकूला बांधलेली साखळी सोडून स्वतः टेकू सरकवणं हे जिवावरचं काम आहे, चौकोनी ठिगळ परवडलं.

आमच्या बोटीवर आता थर फार झाले आहेत. आमच्या आधीच्या मालकांनी कडक रंगावर कडक रंग चढवला होता आणि त्यावर आम्ही झिजणारा दिला. पोपडा उडालेल्या जागी भिंग धरलं की कडेला निळा, काळा, लाल, पुन्हा निळा असे पट्टे दिसतात. नवा रंग कितीही चांगला असला तरी सगळ्यांत खालच्या, धर सुटलेल्या थराबरोबर तो निघून येतो. दोन-तीन ठिकाणी नखाएवढे फोडही आलेत. त्यातला एक फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, म्हणजे फायबरच्या आत पाणी शिरू लागलं आहे. यावर वरून आणखी एक हात देणं म्हणजे पैसे पाण्यात.

तेव्हा येत्या खेपेला सगळं बूड मुळापर्यंत उघडं करायचं ठरवलं आहे. धूळ ओढणारं यंत्र भाड्याने, मग बोट आठवडेच्या आठवडे कोरडी उभी ठेवायची, मग फोड कापून भरणं, मग पाणी आत शिरू न देणारे इपॉक्सी राळेचे रोधक थर, आणि शेवटी पातळ, कमी तांब्याचा रंग. आकडा कागदावर मांडला तेव्हा घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. कारण एवढ्या पैशांत नेहमीची रंगरंगोटी कितीतरी मोसम झाली असती. पण त्यानंतर खालचा थर सुटणार नाही, आणि सौम्य रंगावर भागवता येईल. मला तेच हवं आहे. यार्डाला तसं कळवलंय. जागा मोसमाच्या शेवटी मिळेल, आणि बुडातला ओलावा मोजायचं मीटर त्यांचंच वापरायचं ठरलंय. मीटर समाधानकारक आकडा दाखवेपर्यंत इपॉक्सीचा डबा उघडायचा नाही, मग भाडं कितीही चढो.